चौथा टाका

भिवंडीत मला ‘नेव्हीवाला’ म्हणतात, आणि ओळख होऊन पाच मिनिटं झाली की समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो. निवृत्तीनंतर राहनाळला एका गोडाऊनच्या सिक्युरिटीचं काम मी पाहतो. तिथले ट्रकवाले तर चहा येईपर्यंतही दम धरत नाहीत. “साब, जहाज पे कोई मर गया तो सच में पानी में फेंक देते हैं क्या?”

फेंकते नहीं, असं मी ठणकावून सांगतो. कचरा फेकतात, आणि समुद्रात तोही फेकायला बंदी आहे. माणसाला समुद्राच्या स्वाधीन करतात. त्याला पद्धत आहे, कपडे आहेत, सलामी आहे, आणि ते सगळं नीट पार पडावं म्हणून जहाजावर एक माणूस असतो. कितीतरी वर्षं तो माणूस मी होतो.

माझं खातं दोर, झेंडे, होड्या आणि नांगराचं. जहाजाचं इंजिन कसं चालतं ते मला आजही विचारू नका. पण दोराला गाठ मारायची, कॅनव्हास शिवायचा, झेंडा कुठल्या मिनिटाला चढवायचा नि कुठल्या मिनिटाला उतरवायचा, यात मला कोणी शिकवायला जाऊ नये. शिवणकाम तर मी नेव्हीत जाण्याआधीच शिकलो होतो. वडील धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. तुटलेला चामडी पट्टा मेणाच्या दोऱ्याने शिवताना ते मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, “टाका असा घाल की उसवायला आलेल्याने हात जोडले पाहिजेत.” पुढे नेव्हीत जाड सुई ढकलायला तळव्यावर चामड्याचा पट्टा चढवला, तेव्हा मला ते काम नवं वाटलं नाही.

आधी पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मृतदेह स्वच्छ करून कॅनव्हासमध्ये शिवतात. पायाशी जड लोखंड ठेवतात, म्हणजे तो तरंगत राहत नाही, सरळ खाली जातो. जुन्या काळी गोऱ्यांच्या जहाजांवर शेवटचा टाका म्हणे नाकातून घालायचे. माणूस जिवंत असला तर ओरडेल, असा त्यांचा हिशोब. आमच्याकडे डॉक्टर असतात, त्यामुळे मला कोणाच्या नाकाला सुई लावावी लागली नाही. मग देह फळीवर ठेवायचा, पाय समुद्राकडे. वर राष्ट्रध्वज. जहाज मंदावतं, मागचा झेंडा अर्ध्यावर येतो. शिट्टी वाजते आणि जो जिथे असेल तो तिथे ताठ उभा राहतो. प्रार्थना, बंदुकीच्या तीन फैरी, बिगुल. फळी कलते आणि माणूस झेंड्याखालून सरकून जातो. झेंडा मात्र जात नाही. तो डोक्याच्या बाजूने धरून ठेवलेला असतो. त्याची घडी करतात आणि ती घरच्यांना देतात. झेंडा मेलेल्याबरोबर जाऊ द्यायचा नाही, हा नियम आहे. थडग्यातही नाही, चितेवरही नाही आणि समुद्रातही नाही. एवढं ध्यानात ठेवा.

खरं तर आजकाल असा प्रसंग क्वचित येतो. किनारा जवळ असला की देह घरीच पोचवतात. आम्हाला जास्त करून मिळायच्या त्या अस्थी. आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस निवृत्त होतो, गावी किंवा फ्लॅटमध्ये वारतो, आणि जाताना सांगून जातो की मला गंगेला नको, खोल पाण्यात सोडा. मग घरच्यांना लाँचमधून बाहेर नेऊन ते काम करायचं. लोकांना वाटतं यात काय आहे. यात पुष्कळ आहे! मडकं तोंड बांधून तसंच सोडलं तर ते तरंगत लाँचच्या मागे मागे येतं, आणि घरच्यांचा जीव वरखाली होतो. म्हणून मी आधीच त्याच्या बुडाला भोक पाडून ठेवायचो.

एकदा ठाण्याचं एक कुटुंब आलं. दिवंगत गृहस्थ माझ्याच खात्यातले, माझ्या कितीतरी आधीचे. त्यांचे धाकटे बंधू निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांनी लाँच माझ्या हातून काढून घेतल्यासारखीच घेतली. मी म्हटलं, “सर, सकाळची वेळ आहे, वारा जमिनीवरून येतोय. आपण पश्चिमेकडे तोंड करू, वारा पाठीशी घेऊ.” ते म्हणाले, “गुरुजींनी पूर्व सांगितली आहे. दिशा वाऱ्याला विचारून ठरत नसते.” मी बाजूला झालो. शहाण्याला शब्दाचा मार, पण मुख्याध्यापकाला शब्दांनी मारणार कोण? त्यांनी पूर्वेकडे तोंड करून कलश उपडा केला. अर्धे बंधू समुद्रात गेले आणि अर्धे परत आले. सरांच्या चष्म्यावर, माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मवर, सुनेच्या केसांवर, सगळीकडे. तेवढ्यात दिवंगतांच्या पत्नी, सकाळपासून एक शब्दही न बोललेल्या, पदर झटकत खुदकन हसल्या. म्हणाल्या, “सुट्टी संपून निघताना हे असेच करायचे. दारातून तीनदा परत यायचे.” मग हसता हसता त्या रडायला लागल्या आणि सगळ्यांनाच मोकळं वाटलं. त्या दिवसापासून मी वाऱ्याच्या बाबतीत कोणाचं ऐकलं नाही.

असे किस्से मी रंगवून सांगतो आणि लोक हसतात. एक गोष्ट मात्र मी सांगत नसे. आता सांगतो, कारण जिला ती आधी सांगायला हवी होती तिला गेल्या वर्षी सांगून झाली आहे.

आमच्या जहाजावर संतोष नावाचा खलाशी होता, राहनाळचा. म्हणजे आमच्या भिवंडीतलाच. मेसमध्ये भाजी वाढायला उभा असला की मला मुद्दाम हाक मारायचा, “जाधवसाहेब, कशेळीच्या पुलाचा ट्रॅफिक सुटला का?” दोन हजार मैलांवर ऐन समुद्रात त्या ट्रॅफिकच्या आठवणीने आम्हाला उचंबळून यायचं, यावरून माणूस घरापासून किती लांब असेल ते ओळखा. एका सकाळी डेक धुताना तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. वय पंचविशीच्या आत. डॉक्टरांनी तासभर खटपट केली. हृदय बंद पडलं होतं.

किनारा कुठल्याच बाजूने जवळ नव्हता. कॅप्टनने घरी संपर्क साधला. संतोषचे वडील बाळाराम फोनवर होते. ते एवढंच म्हणाले, “तुमचे रीतीनी करा, साहेब. त्याला तीच रीत पसंत व्हती.” आईला कोणी विचारलं नाही. त्या वेळी ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्या रात्री कॅनव्हास मी शिवला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आमच्या घरात लहानपणापासून त्रिशरण म्हणतात, ते मी तोंड झाकण्याआधी मनातल्या मनात म्हटलं. त्याच्या घरची प्रार्थना वेगळी होती, ती म्हणणारा दुसरा खलाशी सकाळी होताच. पण सुई चालवताना मला माझेच शब्द येत होते.

सकाळी वारा उलटसुलट होता. ध्वज अंथरला की उडायचा, कधी दुमडायचा, कधी त्याच्या छातीवरून घसरायचा. सगळं जहाज बघायला उभं राहणार होतं, आणि माझ्या हाताखालच्या कामात झेंडा असा लोळावा हे मला खपेना. मी चारी कोपऱ्यांशी एकेक टाका घातला, झेंडा आणि कॅनव्हास मिळून. विचार असा की शिट्टी व्हायच्या आधी चारी टाके कापायचे. डोक्याकडचे दोन कोपरे तर दोन खलाशी धरणारच होते. हे पुस्तकात नाही. ही माझी स्वतःची हुशारी.

एक कापला. दोन कापले. तीन कापले. चौथ्याकडे वळलो, तो पायाकडचा, आणि कॅप्टन आले. शिट्टी झाली. शिट्टी झाली की ताठ उभं राहायचं. हातातली सुरीसुद्धा खिशात न टाकता, आहे तशी मांडीला लावून. मी उभा राहिलो. चौथा टाका आहे हे मला माहीत होतं. प्रार्थना चालू असताना मी एक पाऊल पुढे टाकून तो कापू शकलो असतो. चारचौघांत शिस्त मोडेल म्हणून टाकलं नाही. वाटलं, एकच तर टाका आहे, वजन आलं की सुटेल.

फळी कलली. संतोष गेला, आणि झेंडा दोन्ही खलाशांच्या हातातून सर्रकन निसटून त्याच्याबरोबर गेला. पाणी स्वच्छ होतं. केशरी, पांढरा, हिरवा खाली जाताना दिसत राहिला, मग नुसता पांढरा, मग काही नाही. बिगुल वाजत होता. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

कॅप्टनने दुपारी बोलावलं. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. झेंडा देहाबरोबर गेला हे त्यांनी जहाजाच्या नोंदीत जसंच्या तसं लिहिलं आणि मला शिक्षा झाली, ती मी भोगली. मग म्हणाले, “जाधव, तुम्ही त्याच्याच गावचे. घरी तुम्हीच जाल. कुटुंबाला झेंडा द्यायचा असतो. स्टोअरमधून नवा घ्या. आणि घरच्यांना खरं सांगा.”

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा उच्चारलं होतं.

राहनाळला त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओटीवर वीसेक माणसं होती. बाळारामना मी संतोषची पेटी दिली, आणि जिथे त्याला सोडलं त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहिलेला कागद दिला. नेव्हीत तो देतात. कबरीवर नाव असतं तसा तो कागद असतो. मग ध्वजाची घडी त्याच्या आईच्या, हिरामावशीच्या, हातात ठेवली. ती तेव्हा एका कारखान्यात कापड तपासायला जायची. ताग्यावर हात फिरवून कुठे धागा तुटलाय, कुठे डाग आहे ते शोधायचं. दिवसभर तेच काम. तिने घडीवरून अंगठा फिरवला. किनार दोन बोटांत धरली. मग ती नाकाशी नेली.

“ह्योच घातला व्हता त्याचे अंगावर?” तिने विचारलं.

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी युनिफॉर्ममध्ये होतो. “हो मावशी, हाच,” मी म्हणालो.

ती घडी घेऊन उठली. आत गेली, आणि कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, मी त्या माउलीवर उपकार केले. आपल्या पोराबरोबर झेंडा चुकून गेला, हे ऐकून तिला काय मिळणार होतं? असं मी स्वतःला बरीच वर्षं पटवलं, आणि मी तसा पटवण्यात वाकबगार आहे.

पुढे संबंध राहिला. सुट्टीवर आलो की त्यांच्याकडे जायचो. नारळी पुनवेला बाळाराम कशेळीच्या खाडीवर जाऊन संतोषच्या नावाने नारळ सोडायचे, मी असलो तर मीही बरोबर. “खाडीचा पानी समुद्राला जातं, समुद्राचा त्या समुद्राला,” ते म्हणायचे, “पोचेल कवातरी.” तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलेला असायचा. मावशी कधी येत नसे. आपल्याला तिथे गाडीघोड्यांचा आवाज सोसत नाही, असं सांगायची. मी त्यावर विश्वास ठेवला. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काम केलेल्या बाईला ट्रकचा आवाज सोसत नाही, हे मला खरं वाटलं! चांगल्या कामाचा गर्व असला की माणूस असा आंधळा होतो.

मी निवृत्त झालो, गोडाऊनला लागलो. बाळाराम वारले. त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, गेटवर दोन कंटेनर एकमेकांना वाट देईनात आणि मी मध्ये उभा राहून हात हलवत होतो, तेव्हा मावशी चालत आली. हातात कापडी पिशवी. मी केबिनमध्ये खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. तिने पिशवीतून ध्वजाची घडी काढून टेबलावर ठेवली.

“भाऊ, ह्यो तुजा तू घे.”

“का मावशी? हा तुमचा आहे.”

“माजा न्हाय. माजे पोराचा पन न्हाय.” तिने घडीवर बोट ठेवलं. “मी तुज्या तोंडावर बोलली न्हाय, हे होते ना. ते बोलायचे, नेव्हीचा मानूस खोटा कशाला बोलंल. आता ते न्हाय. ह्यो कोरा हाय, भाऊ. याची खल, कांजी, जशीच्या तशी हाय. याला वारा लागला न्हाय, पानी लागला न्हाय. समुद्रावर एक दिस उघडा राहिला असता तर मिठाचा वास आला असता. कापड तपासून माजे डोले गेले, बोटां न्हाय गेली.”

बाहेर हॉर्न वाजत होते. मी दार लावून घेतलं.

“त्या दिसापासून मना ठाव हाय,” ती म्हणाली. “माजे पोराला तुम्ही झेंडा घातलाच न्हाय. तसाच उघडा लोटला पान्यात, कोन गरिबाचा म्हनून. आनि मना दुकानातला आनून दिला. मंग मी खाडीवर येऊन कोनाला तोंड दावू? त्याला काय सांगू?”

वीस वर्षांच्या वर ही बाई हे पोटात घेऊन जगली. माझ्या एका ‘हाच’ या शब्दामुळे. मला माझ्या शिक्षेचं, माझ्या लाजेचं मोठं कौतुक होतं; तिला काय भोगावं लागलं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. वारा सांगितला, माझी हुशारी सांगितली, चार टाके, शिट्टी, मांडीला लावलेली सुरी. कॅप्टनने खरं सांगायला सांगितलं होतं हेही सांगितलं. “वीस माणसांसमोर माझी चूक कबूल करायची हिंमत झाली नाही, मावशी. दुसरं काही कारण नाही. तुमच्या पोराची शान राखली होती. माझी राखायला मी खोटं बोललो.”

तिने टेबलावरची घडी बाजूला सारली.

“मंग खरा झेंडा कुठं हाय?”

“त्याच्या अंगावर. त्याच्याबरोबर गेला.”

“आजून हाय?”

“मी सोडला तेव्हा होता. खाली जाताना दिसत होता. सगळ्यांनी पाहिला.”

“आनि दुसऱ्यांच्या अंगावरचा?”

“तो काढून घेतात. नियम आहे. कोणाबरोबर जात नाही.”

“कोनाबरोबर न्हाय?”

“कोणाबरोबर नाही. माझ्या नोकरीत मी ऐकलेला एकच गेला.”

मावशीने पदराने तोंड पुसलं. मग तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याजवळची, सुईने घट्टे पडलेली जागा चाचपून पाहिली, जसं ताग्यावर पाहतात तसं. मला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

“एकच टाका राहिला व्हता?”

“एकच. चौथा.”

“दोरा कसला?”

“दुहेरी. मेण लावलेला.”

“पक्का मारला व्हतास ना?”

नोकरीत मला दोन पदकं मिळाली, शेवटच्या दिवशी साहेबांनी भाषणही केलं. पण माझ्या कामाबद्दल इतक्या काळजीने मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

“मावशी,” मी म्हणालो, “मी घातलेला टाका आजवर उसवला नाही.”

ती उठली. टेबलावरची घडी उचलून तिने पुन्हा पिशवीत घातली, आणि दारात थांबून मागे वळली.

“पुनवेला लवकर ये,” ती म्हणाली. “औंदा नारल मी सोडनार हाय.”